अक्कांचा कान

खोली दाखवण्याआधी अक्कांनी मला जिना चढून दाखवायला लावला होता.

"वर जा, दार लावा, परत खाली या," त्या म्हणाल्या. जिना पक्का आहे की नाही ते मी पाहावं असा त्यांचा हेतू असेल, असं मला वाटलं. मी वर गेलो, दार लावलं, खाली आलो. त्या ओसरीवर डोळे मिटून बसल्या होत्या.

"तुमचा डावा पाय उजव्याच्या आधी थकतो," त्या म्हणाल्या. "पण दार आपटत न्हाई तुम्ही. ऱ्हावा इथं."

लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत होत्या, पाट्यांचा रंग ओला होता, आणि माझ्यासारखे बदलीवर आलेले कारकून पिशव्या घेऊन खोल्या शोधत हिंडत होते. मी कंधारचा. नांदेडच्या कचेरीतून इकडं आलो होतो, सोबत एक ट्रंक आणि तबल्याची जोडी. गावात खोली मिळणं अवघड होतं आणि पाणी मिळणं त्याहून अवघड. पाऊस लागोपाठ हुकत गेला होता. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. त्यामुळं ज्या घरात हौद आहे त्या घराची मालकीण चक्रम असली तरी चालेल, असा मी विचार केला. ती किती चक्रम असेल याचा मात्र मला अंदाज नव्हता.

अक्का मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. माहेर उदगीरचं, लिंगायत व्यापाऱ्याचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कडक इस्त्रीची सुती साडी आणि आवाज असा की भर बाजारात सायकलवरचा माणूस खाली उतरावा. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं एकदा मी धीर करून विचारलं.

"एक स्थळ आलं होतं," त्या म्हणाल्या. "मुलगा चांगला होता. पण तो चहा पिताना मी ऐकला."

त्यांच्या भावाचं उदगीरला आडत दुकान होतं. तो वर्षाकाठी एकदोनदा यायचा आणि जाताना मला बाजूला घेऊन सांगायचा, "आमची अक्का लई शहाणी हाय. फक्त कानानं येडी हाय. सांभाळा."

हा कानाचा वेडेपणा मला हळूहळू उमजत गेला. स्वयंपाकघरात स्टोला पंप मारायची वेळ झाली की घरात कोणी बोलायचं नाही. आधी फुस्स, मग भक्, मग तो एकसुरी गरगराट. त्या हात थांबवून ऐकायच्या आणि मगच भांडं चढवायच्या. मंडईत भोपळ्यावर टिचकी मारायच्या, दुसऱ्यावर मारायच्या, तिसऱ्यावर मारायच्या आणि काहीच न घेता पुढं जायच्या. भाजीवाली ओरडायची, "अक्का, घ्यायचा न्हाई तर वाजवता कशाला?" त्यावर अक्का, "घ्यायचा असता तर बघितला असता." लग्नाला गेल्या की मांडवात बसायच्या नाहीत. सनई तिकडं चालू असायची आणि अक्का मागच्या अंगणात आचाऱ्याच्या कढईजवळ. बुंदी पडताना तेल काय बोलतं, ते ऐकत.

आणि कुठं काही कानावर पडलं की हाताचा पंजा वर करून, समोरचा कोणीही असो, त्याला गप्प करायच्या. "केळ्री!" म्हणजे कानडीत 'ऐका'. त्यांच्या त्या 'केळ्री'पुढं मी एका तहसीलदाराला तोंड उघडं ठेवून थांबलेलं पाहिलंय.

त्यांच्या मधल्या खोलीत एक मोठा रिळांचा टेपरेकॉर्डर होता. हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला. बाहेर न्यायला खांद्याला अडकवायचा एक छोटा होता. छोट्यावर आवाज धरायचे, ते मोठ्यावर उतरवायचे आणि मग दाढीच्या ब्लेडनं फीत कापून, चिकटपट्टीनं जोडून त्यांची मांडणी करायची, हा त्यांचा उद्योग. पेन्शनीतल्या बाईनं पोथी वाचावी, तसा त्या नेमानं करत. कोणाला ऐकवण्यासाठी नाही. कोणी ऐकणारंच नव्हतं. मी येईपर्यंत.

मी रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी तबल्यावर बसायचो. एके दिवशी त्या जिना चढून वर आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"तुम्ही बोल वाजवता, ते ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पण दोन बोलांच्या मधी जे होतं ना, ते लई चांगलं हाय. तेवढंच वाजवता येईल का?"

मला राग आला. नांदेडला मी चांगल्या उस्तादांपाशी शिकलो होतो. वर्षानुवर्षं बोटं सोलून घेतली होती, आणि ही बाई मला बोल सोडून मधली रिकामी जागा वाजवायला सांगत होती! मी म्हटलं, "अक्का, मग मी काहीच न वाजवलेलं बरं."

"तसं न्हाई. वाजवल्याबिगर ती जागा येत न्हाई," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

त्या रविवारी त्यांनी मला मधल्या खोलीत बसवून एक रीळ लावलं. डाळीच्या गिरणीचा पट्टा फिरत होता, फटक, फटक, फटक. त्यात खालून पाखडण्याचा आवाज मिसळला. आणि मग कुठून तरी, खूप लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा माझा तबला आला. छतातून झिरपलेला. बोल ओळखू येत नव्हते, नुसता त्यांचा गोलावा येत होता. पट्टा आणि तबला कधी एकमेकांना गाठत, कधी सुटून जात. आपला हात इतका चांगला आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रीळ संपून मोकळं फिरायला लागलं तरी मी उठलो नाही.

"आता रागावलात का?" अक्कांनी विचारलं.

तिथून आम्ही दोघं कामाला लागलो. काम म्हणजे मुख्यतः भांडण. मला समेवर यायची सवय, त्यांना सम म्हटलं की चीड. "दर वेळी घरी यायलाच पायजे का माणसानं?" त्या म्हणायच्या. मी रिकाम्या घागरीवर हातानं वाजवायला शिकलो, राखेनं घासलेल्या पितळी परातीवर नखं फिरवायला शिकलो. एकदा मी घागरीवर असा काही तुकडा वाजवला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. अक्कांनी तो ऐकला, मान डोलावली, आणि ब्लेड घेऊन नेमका तेवढाच कापून टाकला.

"अक्का! तो चांगला होता!"

"लई चांगला होता. म्हणून काढला. मग सगळे तुम्हालाच ऐकत बसले असते."

मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. पण मी कचेरीतून आलो की खाली स्टोला पंप मारायचा आवाज यायचा आणि जिन्यात दोन कपांची किणकिण व्हायची, म्हणजे चहा तयार आहे. शेवटी मी खाली गेलो आणि ते रीळ पुन्हा ऐकलं. त्यांनी कापलं ते बरोबर होतं. मी तसं म्हटलं नाही, चहा घेतला. त्यांना समजलं.

मात्र न्याय त्यांच्याकडं चोख होता. 'नळ' नावाची आमची एक मोठी रचना होत होती. उन्हाळ्यात गल्लीतला नळ यायच्या आधी काय काय होतं, त्याची. घागरी ठेवल्याचे आवाज, पायातल्या जोडव्यांचे, कुणाच्या तरी खोकल्याचे. आणि मग नळाचा श्वास. लातूरच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. आधी बारीक शीळ, मग खाकरणं, मग गुळण्या, मग तांबूस थुंकी, आणि मग धार. त्या शिळेच्या आधी अक्कांनी जेमतेम श्वासभर जागा सोडली होती. मी म्हटलं, "थांबवा. अजून थांबवा. माणसाला वाटलं पाहिजे की आता येतच नाही." त्यांनी कोरी फीत जोडली. ऐकली. आणखी जोडली. ऐकली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे बरोबर हाय." पुढं ज्याला ज्याला 'नळ' ऐकवला, त्याला त्या आधीच बजावायच्या, "ती थांबण्याची जागा यांची हाय हं, माझी न्हाई." उस्तादांनी पाठ थोपटली होती तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

अक्कांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या घराच्या जागी शिकवणी वर्गांची उंच इमारत उभी आहे. पण लातूरचं कोणी भेटलं आणि अक्कांचा विषय निघाला की लोक अजून त्या कार्यक्रमाचंच सांगतात, म्हणून तोही सांगितला पाहिजे.

नव्या जिल्ह्याचा वाढदिवस होता. दुपारी सभागृहात समारंभ, बाहेरून आलेले पाहुणे, मुलींचं स्वागतगीत. आमच्या साहेबांना कुणीतरी सांगितलं की कचेरीतला हा कारकून काहीतरी 'ध्वनिचित्र' करतो. साहेबांना वाटलं, जिल्ह्याच्या प्रगतीचं असेल. त्यांनी आम्हाला वेळ दिली. अक्कांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना हट्टानं बोलावून मागच्या रांगांत बसवलं, कारण आवाज त्यांच्याच दारातला होता.

आम्ही रीळ लावलं. कर्ण्यांतून घागरी वाजल्या, जोडवी वाजली. पुढच्या खुर्च्यांवर चुळबुळ झाली. मग माझी थांबण्याची जागा आली. सभागृह खरोखर गप्प झालं. आणि त्या शांततेत नळानं शीळ घातली.

मागून कुणीतरी किंचाळलं, "अगं बाई, पाणी आलं!"

झालं! एक उठली, तिच्यामागं दहा उठल्या, आणि बघता बघता मागच्या अख्ख्या रांगा दाराकडं पळाल्या. पोरं काखेत, चपला हातात. पुरुषांना वाटलं, आग लागली. तेही उठले. पाहुणे घाबरून व्यासपीठाच्या मागच्या दारानं खाली उतरले. सभागृहात उलटलेल्या खुर्च्या राहिल्या आणि कर्ण्यांतून धो धो पाणी वाहत राहिलं.

अक्कांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या इतक्या आनंदल्या होत्या की त्यांनी माझा दंड धरला. "याला म्हणतात दाद! उठून गेले! गाण्याला कुणी असं उठतं का?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समोर उभं केलं. पुन्हा असलं काही केलंस तर निलंग्याच्या पलीकडं फेकीन, म्हणाले. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरंच की. तिकडं कानडी ऐकायला मिळंल." साहेबांचा त्यांना काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो समारंभाच्या संध्याकाळीच, रुक्मिणबाईंमुळं.

रुक्मिणबाई समोरच्या घरात राहायच्या. नवरा हमाल, चार पोरं, आणि नळाच्या रांगेतली पहिली जागा नेहमी त्यांची. समारंभाहून त्या धावत घरी गेल्या होत्या आणि कोरड्या नळाखाली घागर लावून बसल्या होत्या. दिवे लागायच्या वेळी ती रिकामी घागर घेऊन त्या अक्कांच्या अंगणात आल्या आणि घागर दगडावर ठेवली.

"अक्का, लेकराला ताप हाय. घरात घोटभर पाणी न्हाई. मी पळत आले. तुमचा खेळ झाला, माझा जीव गेला."

अक्कांनी आत जाऊन हौदातलं पाणी काढलं आणि स्वतः रुक्मिणबाईंच्या घरी नेऊन ठेवलं. परत आल्या त्या जेवल्या नाहीत. सकाळी इस्त्रीची साडी नेसून गल्लीत बाहेर पडल्या आणि दारोदार जाऊन एकच शब्द बोलल्या, "चुकलं." ज्या बाईनं अख्ख्या गावाच्या लेकींना उठाबशा काढायला लावल्या होत्या, ती दारात उभी राहून 'चुकलं' म्हणतेय, हे बघून बायकांनाच अवघडल्यासारखं झालं. एकीनं तर खुर्ची पुढं केली.

शेवटच्या दारात, रुक्मिणबाईंच्या, त्या थोडं जास्त बोलल्या. "तुम्ही अर्ध्यातून गेलात. पुरं ऐकायला या. आणि काय चुकलं ते सांगा."

रविवारी दुपारी बायका आल्या. फुरंगटूनच आल्या होत्या, पण आल्या. मधल्या खोलीत मावेनात म्हणून आम्ही यंत्र ओसरीवर आणलं. 'नळ' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला. मग रुक्मिणबाई पदर सावरून म्हणाल्या, "नळ बरोबर बोलतो. पण आम्ही कुठं हाव यात? घागरी हायेत, पाय हायेत. भांडण कुठं हाय? भांडणाबिगर नळ ऱ्हातो का कवा?"

मी अक्कांकडं पाहिलं. वाटलं, आता ही बाई चिडणार. तर त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी मायक्रोफोन उचलून रुक्मिणबाईंच्या हातात दिला. "मग घ्या. भांडा."

पहिल्यांदा बायका लाजल्या, तोंडावर पदर घेतले. मग एकीनं खोटं खोटं म्हटलं, "माझा नंबर होता गं." दुसरी म्हणाली, "तुझा कवा?" आणि तिसऱ्या वाक्याला खरं भांडण पेटलं. मागच्या उन्हाळ्यातलं, त्याच्या मागच्या उन्हाळ्यातलं, कुणाच्या फुटलेल्या रांजणाचं. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी सगळ्या एकदम थांबल्या आणि हसत सुटल्या. ते हसूही फितीवर आलं.

त्यानंतर 'नळ' आमच्या दोघांचा राहिला नाही. दर रविवारी ओसरी भरायची. बायका टेपबरोबर समोर बसून घागरी वाजवायला लागल्या. त्यांना शिकवायला जाणं हा माझा मूर्खपणा होता हे मला लवकरच कळलं. त्या मला विचारायच्याच नाहीत. सगळ्यात मोठा वाद शेवटावर झाला. अक्कांना शेवटी पाणी यायला हवं होतं. धार लागली की सगळं सार्थकी लागतं, असं त्यांचं म्हणणं. रुक्मिणबाई म्हणाल्या, "न्हाई. त्या दिशी आलं न्हवतं. येऊ द्यायचं न्हाई." दोघीही हटेनात. मी मध्ये पडलो तर दोघींनी मिळून मला गप्प केलं. त्या आठवड्यात अक्कांनी कितीतरी वेळा रीळ पुढंमागं केलं. शेवटी एका सकाळी ब्लेड घेतलं आणि इतक्या कष्टानं धरलेली ती धार स्वतःच्या हातानं कापून टाकली. "रुक्मिणबाईचा कान माझ्याहून बरा हाय," मला म्हणाल्या. असूया नव्हती त्यात. शाळेत एखादी मुलगी पहिली आली की बाई जसं सांगतात, तसं सांगितलं.

नांदेडच्या एका संगीत मंडळात माझी ओळख होती. लातूरच्या पळापळीची कथा तिथंवर पोचली होतीच. बहुधा गंमत बघायला म्हणून त्यांनी आम्हाला मुख्य मैफलीआधी दुपारची वेळ दिली. आम्ही घागरी, टेपरेकॉर्डर आणि डबे घेऊन एसटीनं निघालो. अहमदपूर मागं गेलं, लोहा आलं, तसा मी नकळत मांडीवर तबल्याचे बोल वाजवायला लागलो. माझे उस्ताद समोर बसणार होते. त्यांनी मला तबला दिला होता, आणि मी त्यांच्यापुढं रिकामी घागर घेऊन बसणार होतो.

निवेदकानं माईक हातात घेतला. अक्कांचं नाव घेतलं, माझं घेतलं, आणि म्हणाला, "साथीला लातूरच्या काही महिला."

"थांबा," अक्का म्हणाल्या. माईक लागला नाही त्यांना. "साथीला न्हाई. ही सगळ्यांची रचना हाय. एकेकीचं नाव घ्या."

निवेदकानं गोंधळून नावं विचारली. एकेकीनं आपलं नाव उच्चारलं, त्यानं ते माईकवर म्हटलं. स्वतःचं नाव भोंग्यातून ऐकताना रुक्मिणबाईंनी मान ताठ केली, ती शेवटपर्यंत खाली आणली नाही.

मग आम्ही वाजवलं. भांडणाला लोक हसले, मोकळेपणानं हसले. माझी थांबण्याची जागा आली आणि हसू विरलं. नळानं शीळ घातली, खाकरला, गुळणी केली, आणि बंद झाला. धार आलीच नाही. गल्लीतल्या बायकांनी घागरी तशाच धरून ठेवल्या होत्या. मग रुक्मिणबाईंनी आपली घागर हळूच उपडी ठेवली. नंतर दुसरीनं. नंतर तिसरीनं. एवढाच आवाज. शेवटची घागर टेकली तरी सभागृहात कोणी हललं नाही. टाळ्या आल्या त्या फार उशिरा आल्या आणि मग बराच वेळ थांबेनात.

उस्तादांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी घागर खाली ठेवून गेलो.

"ठेका किधर था रे?" त्यांनी विचारलं.

"नव्हता, उस्तादजी," मी म्हटलं.

"था की," ते म्हणाले. "वो औरतां के पास था." आणि उठून ते अक्कांकडं गेले, त्यांच्यापुढं झुकून आदाब केला. अक्कांनी हात जोडले. आयुष्यात दोन माणसांना एकमेकांची किंमत इतकी चटकन कळलेली मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी धरली. घागरी पाहून कंडक्टरनं विचारलं, "कुठलं भजनी मंडळ म्हणायचं?"

बायकांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसल्या.

"भजनी मंडळ न्हाई," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आम्ही लातूरच्या कलाकार हावोत."

"काय वाजवता?"

"नळाची वाट बघतो ना, ते वाजवतो."

कंडक्टर हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. तिकिटांची पेटी काखेत सरकवून म्हणाला, "मी मुरुडचा. आमच्याकडं या की मग. तिथं तर तेच चालू हाय."

आता अक्का वळल्या. "तुमचा नळ कसा बोलतो? आमच्यासारखाच, का येगळा?"

"येगळा हाय जरा," तो म्हणाला.

"करून दाखवा."

त्यानं भरल्या गाडीकडं एकवार पाहिलं, टोपी मागं सारली, ओठांचा चंबू केला आणि मुरुडच्या नळाची शीळ घालायला लागला. सगळी गाडी त्याच्याकडं बघत होती. घंटी काही वाजेना, म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद करून मागं मान वळवली.

"काय झालं रे? निघायचं न्हाई का?"

"गप दादा," रुक्मिणबाई म्हणाल्या, "जरा ऐकू दे."